स्टूलमधलं ॲसिटेट मोजतेय, पण ब्लँकमध्येच पीक येऊन राहिलंय. एचपीएलसीवाले कुणी आहे का इथे?

संत्राबर्फी | १२ मे, रात्री ११.४०

विषय शीचा आहे, जेवता जेवता वाचू नका. आधीच सांगून ठेवते.

मी नागपूरला पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. जुनाट बद्धकोष्ठता असलेले लोक आणि तसा काही त्रास नसलेले लोक, दोघांच्या स्टूलमधली ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट मोजायची, असं काम आहे. पुस्तकी मराठीत यांना लघुशृंखला मेदाम्लं म्हणतात, पण आमच्या लॅबमध्ये असं म्हटलं तर सेंट्रिफ्यूजसुद्धा हसेल, म्हणून आपलं एससीएफए. आमच्याकडे जीसी (घटक वायूच्या रूपात वेगळे करणारं मशीन) नाही. म्हणजे आहे, पण मी आल्यापासून तिच्यावरचं कव्हर निघालेलं पाहिलं नाही. त्यामुळे जे काय करायचं ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रव कॉलम नावाच्या नळीतून ढकलून त्यातले घटक एकेक करून वेगळे करणाऱ्या मशीनवर.

पद्धत अशी. २०० मिलिग्रॅम स्टूल, त्यात १ मिली पाणी, व्होर्टेक्स, प्रोटीन खाली बसावं म्हणून सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या आसपास, मग १२,००० जी ला १५ मिनिटं, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत). कॉलम एचपीएक्स-८७एच, ३०० बाय ७.८ मिमी. मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं द्रव) ५ मिलिमोलर सल्फ्युरिक ॲसिड, फ्लो ०.६, ओव्हन ५० अंश, डिटेक्टर यूव्ही, २१० नॅनोमीटर. ॲसिटिक १५ मिनिटांच्या आसपास येतं, प्रोपिओनिक साडेसतराला, ब्युटिरिक एकवीसच्या पुढे. स्टँडर्डची (माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांची) रेघ सुरेख, आर-स्क्वेअर ०.९९९. इथपर्यंत सगळं गोड.

पुढे रडगाणं:

पहिलं, ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना न घातलेल्या नुसत्या पाण्यात, ॲसिटेटचं पीक (आलेखावरचा उंचवटा). बारीक नाही, चांगलं ठसठशीत. आणि रोज वेगळ्या उंचीचं.

दुसरं, सकाळी लावलेली व्हायल संध्याकाळी पुन्हा इंजेक्ट केली की ब्युटिरेट कमी. प्रोपिओनेटही कमी, ॲसिटेटचं मात्र काही सांगता येत नाही.

तिसरं, एकाच डबीतून दोनदा घेतलेले नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. सख्खे भाऊ असून बोलचाल बंद असल्यासारखे.

गाइड म्हणतात कॉलम गेला. नव्या कॉलमचं कोटेशन मागवलं, ते वाचून माझाच कॉलम गेला. सिनॉप्सिस जुलैत आहे. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

तर्री_वाला | १३ मे, सकाळी ७.१५

पोहे खात होतो. तर्री तशीच राहिली. धन्यवाद ताई.

पण एक शंका आहे हं, हसण्यावारी नका नेऊ. ढाब्यावर जेवणासोबत शिरक्यातला कांदा खाऊन राहिले लोकं. शिरका म्हणजे ॲसिटिक ॲसिडच ना? तेच तर येऊन नाही राहिलं खाली?

संत्राबर्फी | १३ मे, सकाळी ९.०५

शंका चांगली आहे, पण नाही. शिरक्यातलं ॲसिटेट वरच्यावर, लहान आतड्यातच शोषलं जातं. स्टूलमध्ये जे दिसतं ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी न पचलेल्या तंतुमय पदार्थांपासून बनवलेलं. आणि दादा, पीक ब्लँकमध्ये आहे. ब्लँकने कांदा खाल्लेला नाही.

जुना_क्रोमॅटोग्राफर | १३ मे, दुपारी १.३०

औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (दर्जा तपासणीत) तीस वर्षं काढली, बुटीबोरी आणि हिंगणा दोन्हीकडे. आता निवृत्त आहे. दुपारी कूलरसमोर बसून हे वाचलं आणि हात शिवशिवले.

कॉलम गेलेला नाही. गेला असता तर स्टँडर्डची पीक पसरली असती, वेळा सरकल्या असत्या. तुमची स्टँडर्ड नीट येतात. कॉलमवर आळ घेणं सोपं असतं, कारण तो बोलत नाही. तुमचं बिघडतंय ते इंजेक्शनच्या आधी, आणि तीन दुखणी आहेत तर कारणंही तीन असणार.

दुसऱ्या दुखण्यापासून सुरू करतो, ते सोपं आहे. ॲसिटिकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल आयन झालेलं असतं तो आकडा) ४.७६, प्रोपिओनिकचा ४.८७, ब्युटिरिकचा ४.८२. पीएच सातच्या जवळ असताना ही सगळी आयन म्हणजे मिठाच्या रूपात असतात, ९९ टक्क्यांहून जास्त. मीठ उडत नाही. तुम्ही पीएच २ केलात की तीच मंडळी बिनभाराची आम्लं होतात, आणि ती उडतात. व्हायल पीएच २ ला, झाकणातली चकती म्हणजे सेप्टा एकदा टोचलेला, व्हायली आपोआप इंजेक्ट करणाऱ्या ऑटोसॅम्पलरला कूलिंग आहे का? नसणार. मे महिन्यातलं नागपूर. सकाळी लावलेली व्हायल संध्याकाळपर्यंत मोकळी व्हायला लागते, यात नवल काय? तुमच्या नाकाला ब्युटिरिकचा वास येतो ना? मग तेवढं डिटेक्टरला कमीच मिळणार.

उपाय: ॲसिड टाकू नका. मोबाईल फेज स्वतःच ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आहे, नमुना कॉलमवर पोचला की आपोआप आम्ल होतो. हा कॉलम चालतोच त्यावर. रेझिनवर सल्फोनिक गट असतात, ते ऋण आयनांना आत शिरू देत नाहीत, बिनभाराच्या रेणूंना देतात. म्हणून तीव्र आम्लं आधी बाहेर पडतात आणि आपली मंडळी सावकाश येतात. पाण्यातच अर्क काढा, हवं तर किंचित अल्कली, आणि प्रोटीनची काळजी सेंट्रिफ्यूज आणि गार्ड कॉलमवर (मुख्य कॉलमआधी लावतात तो छोटा, घाण अडवणारा) सोडा. आजच्या आज लागणार नसेल तो अर्क लगेच गोठवा.

पहिल्या दुखण्यासाठी आधी एक प्रश्न. ब्लँक ब्लँक म्हणताय, तो नक्की कोणता? बाटलीतून थेट व्हायलमध्ये घेतलेलं पाणी, की फिल्टरमधून काढलेलं, की सगळ्या पायऱ्यांतून नेलेलं? आणि फिल्टर कशाचा आहे? पाकिटावर बघून लिहा.

संत्राबर्फी | १३ मे, दुपारी ४.१०

सर, सगळ्या पायऱ्यांतून नेलेलं पाणी. ऑटोसॅम्पलरला कूलिंग नाही, बरोबर ओळखलंत.

फिल्टर बघितला. सेल्युलोज ॲसिटेट.

लिहिता लिहिताच कळलं.

जुना_क्रोमॅटोग्राफर | १३ मे, दुपारी ४.२५

चोराने नावाची पाटी लावून ठेवली होती, आणि आपण घरभर शोधत होतो. नायलॉन किंवा रीजनरेटेड सेल्युलोजचे आणा. तेही पहिले काही थेंब टाकून देऊन मगच व्हायलमध्ये घ्या. आणि तीन ब्लँक वेगवेगळे चालवा, मी वर विचारले तसे. कुठल्या पायरीवर पीक उगवतं ते कळेल.

तर्री_वाला | १३ मे, सायंकाळी ५.००

हे तर सीआयडी चालू होऊन राहिलं बाप्पा. फॉलो केला धागा.

गोबरगॅस | १३ मे, रात्री ९.५०

मी बायोगॅसवाला. आमच्याकडे याच आम्लांना व्हीएफए म्हणतात, व्होलाटाइल फॅटी ॲसिड्स, आणि मोजतो तीच: ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक. तुमच्या मोठ्या आतड्याचा आणि आमच्या डायजेस्टरचा (शेण कुजवायच्या टाकीचा) धंदा एकच, फक्त आमचा मालक गाय आहे. आमच्याकडे ही आम्लं साचली की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव संपावर जातात आणि गॅस बंद, म्हणून रोज लक्ष ठेवावं लागतं.

तुमचं तिसरं दुखणं वाचून विचारतो: नमुना येतो कसा? स्लरीची बाटली झाकण लावून ठेवली म्हणून आतल्या जिवाणूंना सुट्टी लागत नाही. ते आत आम्लं बनवतच राहतात. मी एकदा बाटली गाडीच्या डिक्कीत विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी झाकण सापडलं, पण डिक्कीच्या छताला. तो डाग अजून आहे, बायको अजून त्या डिक्कीत भाजी ठेवत नाही.

संत्राबर्फी | १४ मे, रात्री १०.२०

नमुना कसा येतो म्हणताय, तर ऐका.

लोकांना डबी देतो. सकाळी घरी नमुना घ्यायचा आणि लॅबला आणून द्यायचा. आता मानेवाड्याच्या एक काकू सकाळी सहाचा नमुना दुपारी एकला घेऊन आल्या, स्कूटीच्या डिक्कीतून, कापडी पिशवीत गुंडाळून, वर "उन्हात नको म्हणून डबीला ओला रुमाल बांधला" असं सांगून. मनाने किती चांगल्या बघा. बाहेर ४४ अंश होते. एक आजोबा डबी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवतात, कारण घरात तीच जागा गार. बर्फाची पिशवी देतो आम्ही, पण ती परत येते ती मुलांच्या पाण्याच्या बाटलीला लागून.

मला वाटायचं दोन-चार तासांनी काय होतंय, आम्ही पुढे उणे ८० ला ठेवतोच. म्हणून काल एक प्रयोग केला. (नमुना कुणाचा ते विचारू नका. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर "निरोगी स्वयंसेवक, स्त्री, २७" एवढंच आहे.) एकाच नमुन्याचे तीन भाग. एक लगेच बर्फात आणि तासाभरात फ्रीझरला, एक सहा तास खोलीत, एक सहा तास माझ्या स्कूटीच्या डिक्कीत, मेडिकल चौकातल्या उन्हात. खोलीतल्यात तिन्ही आम्लं वाढलेली. डिक्कीतल्यात त्याहून जास्त, आणि तीही सारख्या प्रमाणात नाहीत, ब्युटिरेट जास्तच चढलेलं. म्हणजे काकूंच्या आतड्याचं मी जे मोजत होते त्यात थोडं मानेवाडा ते मेडिकल हे अंतरही होतं.

जे तीस नमुने आधी घेतलेत त्यांचं काय करू?

जुना_क्रोमॅटोग्राफर | १४ मे, रात्री १०.४५

ज्यांच्या वेळेची नोंद आहे ते ठेवा, वेगळे. नोंद नसलेले टाकून द्या. आत्ता रडा, व्हायव्हाला रडण्यापेक्षा बरं.

डॉ_पोटोबा | १५ मे, सकाळी ६.३०

मी पोटाचा डॉक्टर, ओपीडीच्या आधी चहा घेता घेता लिहितोय. मशीनमधलं मला कळत नाही, पण ताई, तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नातच एक खड्डा आहे, तो सांगतो.

मोठ्या आतड्यात तयार होणाऱ्या एससीएफएपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास आतडंच शोषून घेतं. ब्युटिरेट तर तिथल्या पेशींचं मुख्य इंधन. तुमच्या डबीत येतं ते ताटातलं उष्टं. उष्ट्यावरून स्वयंपाक किती झाला होता ते सांगता येत नाही, तो घरचा माणूस किती जेवला त्यावर ठरतं.

जॉन कमिंग्ज यांच्या गटाने १९८७ साली अचानक मृत्यू पावलेल्या माणसांच्या आतड्यांतला ऐवज भागाभागाने तपासला होता. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, सीकममध्ये, किलोमागे सरासरी १३१ मिलिमोल, आणि डाव्या बाजूच्या उतरत्या भागात ८०. पुढे सरकता सरकता शोषलं गेलं आणि बनणंही कमी झालं. ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट यांचं प्रमाण त्यांना ५७:२२:२१ सापडलं.

आता बद्धकोष्ठतेचा रुग्ण घ्या. त्याचा मळ आतड्यात तीन-तीन दिवस बसून. शोषायला वेळच वेळ. त्याच्या डबीत ब्युटिरेट कमी निघालं तर तुम्ही लिहिणार "ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी". पण कदाचित जिवाणू ठणठणीत असतील आणि गाडीच हळू असेल. जुलाबाच्या रुग्णात उलटं, शोषायला वेळच नाही, म्हणून जास्त सापडेल. तर प्रत्येक नमुन्यासोबत ब्रिस्टलचा प्रकार (मळ कडक की सैल त्याची मोजपट्टी) लिहा, १ ते ७ पैकी कुठला, आणि शेवटचं शौच कधी झालं होतं तेही विचारा. या दोन नोंदी फुकट आहेत. त्यांच्याशिवाय तुमचे आकडे वाचायला मला भीती वाटेल.

मीना_धरमपेठ | १५ मे, सकाळी १०.१०

मला यातलं काही कळत नाही, पण डॉक्टर दिसले म्हणून विचारते. मला आयबीएसचा (चिडखोर आतड्याचा) त्रास आहे. एका कंपनीकडून घरी किट मागवून तपासणी केली. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात "ब्युटिरेट कमी" आणि खाली त्यांच्याच कॅप्सूल. किट कुरिअरने परत पाठवलं होतं, पोचायला तीन दिवस लागले. घेऊ का त्या कॅप्सूल?

डॉ_पोटोबा | १५ मे, दुपारी २.४०

मीनाताई, किटमध्ये नमुना जागच्या जागी थांबवणारं द्रव होतं की नुसतीच डबी, ते माहीत नसताना त्या आकड्यावर मी औषध बदलणार नाही. वर संत्राबर्फींनी सहा तासांचा प्रयोग लिहिलाय तो वाचा, आणि तुमचे तीन दिवस आठवा. आणि तो आकडा अचूक असता तरी त्यावरून आयबीएसचं निदान किंवा उपचार ठरत नाही. तुमच्या डॉक्टरांना लक्षणं सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा. रक्त जाणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागणं, असं काही असेल तर वाट न बघता दाखवा.

मीना_धरमपेठ | १५ मे, दुपारी ३.००

तसं काही नाही. बरं वाटलं. त्या कंपनीचा रोज फोन येतो, आता त्यांनाच विचारते, द्रव होतं की डबी.

मासस्पेक_पुणेकर | १५ मे, रात्री ८.१५

एवढी यातायात कशाला? थ्री-नायट्रोफिनाइलहायड्रॅझिनने डेरिव्हेटाइज करा, म्हणजे ते आम्लाला जोडा, आणि एलसी-एमएसवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मशीनवर) घ्या. ईडीसी आणि पिरिडिन टाकून ४० अंशाला अर्धा तास, की झालं. आम्ल उडायचं थांबतं, साध्या सी-१८ कॉलमवर छान टिकतं, आणि वस्तुमान वर जातं. नाहीतर ॲसिटेट ५९ वर, तिथे नुसता गोंगाट. कार्बन-१३ लावलेल्या रीएजंटने स्टँडर्ड वेगळं डेरिव्हेटाइज करून मिसळलं की प्रत्येक आम्लाला स्वतःचा जुळा भाऊ मिळतो. २१० नॅनोमीटरवर स्टूल बघणं म्हणजे गर्दीत टोपीवरून माणूस ओळखणं.

जुना_क्रोमॅटोग्राफर | १५ मे, रात्री ९.००

पुणेकर, पद्धत उत्तम, वाद नाही. रक्तातलं ब्युटिरेट मोजायचं असतं तर मीही तेच सांगितलं असतं, तिथे मायक्रोमोलरचा मामला आहे आणि यूव्हीला काही दिसणार नाही. पण स्टूलमध्ये ही मंडळी मिलिमोलमध्ये आहेत. विहीर भरलेली असताना बोअर कशाला मारायची? आणि त्यांच्याकडे एमएस नाही, जीसीवर कव्हर आहे.

शिवाय तुमच्या रीएजंटने ब्लँकचं दुखणं बरं होणार नाही, वाढेल. हवेतलं, भांड्यातलं, पाण्यातलं, मिळेल त्या ॲसिटेटला तो टोपी घालणार. ब्लँक आधी स्वच्छ पाहिजे.

एवढं मात्र मान्य की २१० वर एकट्या वेळेच्या भरवशावर पीकला नाव देऊ नये. दोन-चार नमुन्यांत स्टँडर्ड थोडं टाकून पीक त्याच जागी सरळ वाढतं का, खांदा फुटतो का, ते बघावं. आयसोब्युटिरिक प्रोपिओनिक आणि ब्युटिरिकच्या मधे येतं, आयसोव्हॅलेरिक ब्युटिरिकनंतर. ही फांदीवाली आम्लं प्रोटीन सडल्यावर बनतात, व्हॅलिन आणि ल्युसिनपासून, आणि बद्धकोष्ठतेत ती बघण्यासारखी असतात. सोडू नका.

मासस्पेक_पुणेकर | १५ मे, रात्री ९.२०

ब्लँकचं मान्य. आमच्याकडेही ॲसिटेटचा ब्लँक कधीच शून्य येत नाही. टोपीचं मात्र माझ्या मतावर ठाम आहे.

संत्राबर्फी | १८ मे, रात्री ११.५५

अपडेट. नायलॉन फिल्टर आणले, इतवारीतल्या दुकानात मिळाले. ॲसिड टाकणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळचं ब्युटिरेट आता जुळतंय, सर, तुमच्या पाया पडते. तसं मलाच कळायला हवं होतं. पहिल्या वर्षी ब्युटिरिकची बाटली उघडताना दोन थेंब ओढणीवर पडले होते. खवट तूप आणि ओकारी यांच्या मधला वास. मेट्रोने घरी निघाले, सीताबर्डीला गाडी बदलेपर्यंत आख्खा बाक माझा एकटीचा झाला होता. इतकं उडणारं द्रव्य, आणि मी ते पीएच २ ला दिवसभर उघड्यावर ठेवत होते.

पण ब्लँक! अर्धा झाला, गेला नाही. तीन ब्लँक चालवले. बाटलीतून थेट व्हायलमध्ये घेतलेल्या पाण्यातही पीक आहे. म्हणजे फिल्टर अर्धा गुन्हेगार. पाणी बदललं, तेच. व्हायल नव्या पाकिटातल्या, तेच.

एक विचित्र गोष्ट. रविवारी कुणी नव्हतं म्हणून मी एकटीच गेले होते, आणि रविवारचा ब्लँक जवळजवळ सपाट. सोमवारी पुन्हा पीक हजर. मशीनला रविवार कसा कळतो?

तर्री_वाला | १९ मे, सकाळी ७.०५

रविवारी सावजी खाऊन सगळे झोपले असतात. मशीन बी.

जुना_क्रोमॅटोग्राफर | १९ मे, सकाळी ८.१५

रविवारी लॅबमध्ये काय नसतं ते शोधा. माणसं नसतात. ती माणसं इतर दिवशी तिथे काय करतात?

गोबरगॅस | १९ मे, सकाळी ८.३०

आणि कूलर कुठे लागलाय?

संत्राबर्फी | २० मे, रात्री १०.०५

सापडलं.

आमच्या खोलीचा एसी मार्चपासून बंद आहे, तक्रार केलीय, फाइल फिरतेय. म्हणून खिडकीला डेझर्ट कूलर लावलाय. कूलरच्या अगदी समोरच्या टेबलावर शेजारच्या ग्रुपची एक मुलगी रोज प्रोटीनचे जेल धुते. डीस्टेनच्या, म्हणजे जेलचा जादा रंग काढायच्या, पाण्यात १० टक्के ॲसिटिक ॲसिड. प्लास्टिकचा ट्रे, उघडा, शेकरवर डुलत बसलेला दिवसभर. कूलरचा झोत त्या ट्रेवरून सरळ माझ्या टेबलावर, जिथे मी पाणी ओतते, व्हायल भरते, झाकणं लावते.

खात्री करायची म्हणून तीन व्हायलींत शुद्ध पाणी घेतलं. एक झाकण लावून फ्रीजमध्ये, एक उघडी माझ्या टेबलावर, एक उघडी ट्रेच्या शेजारी, तीन तास. फ्रीजमधली सपाट. माझ्या टेबलावरची, माझं रोजचं लाडकं पीक. ट्रेशेजारची इतकी उंच की सॉफ्टवेअरने स्केल बदललं.

तिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, मला तर आता वासच येत नाही त्याचा." मलाही येत नव्हता. तिसऱ्या वर्षापर्यंत नाकाला सवय होते, डिटेक्टरला होत नाही. ट्रे आता फ्यूम हूडमध्ये आहे, झाकण लावून. मी तिला संत्रा बर्फी देणार आहे, नावाला जागून.

जुना_क्रोमॅटोग्राफर | २१ मे, दुपारी १२.४०

वा. नोकरीत असतो तर तुमच्या त्या तीन व्हायलींचा क्रोमॅटोग्राम ट्रेनिंगच्या फाइलला लावला असता.

आता तिसरं दुखणं राहिलं, एकाच डबीतले दोन नमुने न जुळण्याचं. यात घाई करू नका, कारण यात दोन चुका एकत्र असतात.

एक, स्टूल म्हणजे श्रीखंड नव्हे, सगळीकडे सारखं नसतं. चमच्याने एका कोपऱ्यातून २०० मिलिग्रॅम उचलणं बरोबर नाही. आख्खा नमुना जाड झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, बर्फावर ठेवून कणकेसारखा मळा, मग त्यातून लहान लहान भाग करून गोठवा. एक भाग एकदाच वितळवायचा, पुन्हा फ्रीझरला नाही.

दुसरी चूक हिशेबातली, आणि ही मी भल्याभल्यांच्या वहीत पाहिलीय. तुम्ही २०० मिलिग्रॅम स्टूल आणि १ मिली पाणी घेता आणि आकारमान १ मिली धरता. पण स्टूलमध्ये पाऊण भाग पाणीच असतं. २०० मिलिग्रॅममध्ये साधारण १५० मिलिग्रॅम. ते १५० मायक्रोलिटर कुठे गेलं? तुमचं द्रव १.१५ मिली झालं. तेवढं धरलं नाही की उत्तर सरळ १३ टक्के कमी येतं. आणि गंमत पुढे आहे. बद्धकोष्ठतेच्या नमुन्यात पाणी कमी, सैल नमुन्यात जास्त. म्हणजे ही चूक तुमच्या दोन गटांत वेगवेगळी होते. तुम्ही जो फरक शोधताय, त्याच्यात हिशेबाचा फरक मिसळतो.

यावर उपाय इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेलं ओळखीचं द्रव्य. टाकायच्या त्या १ मिली पाण्यातच ठरावीक क्रोटोनिक ॲसिड घालून ठेवा. २१० वर ते जोरात दिसतं, दुहेरी बंधामुळे, त्यामुळे थोडंसंच पुरतं. स्टूलमधल्या पाण्याने आपली मंडळी जेवढी पातळ होतील तेवढंच तेही होणार, गुणोत्तर घेतलं की पाणी आपोआप वजा. फक्त ते दुसऱ्या कुठल्या पीकवर बसत नाही ना, हे आधी इंटर्नल स्टँडर्ड न घातलेला नमुना चालवून बघा. आणि त्याच मळलेल्या गोळ्यातला वेगळा भाग ओव्हनमध्ये १०५ अंशाला वाळवून पाण्याचं प्रमाण काढा, म्हणजे कोरड्या वजनावरही आकडा देता येईल. वाळवलेल्या भागात मात्र एससीएफए मोजायला जाऊ नका. ती मंडळी ओव्हनच्या चिमणीतून गेलेली असतात.

गोबरगॅस | २१ मे, दुपारी १.१०

सरांना जोडून एक. स्टँडर्ड मिठाचं घेत असाल तर सोडियम ॲसिटेटच्या बाटलीवरचं लेबल वाचा. एक निर्जल, रेणुभार ८२. दुसरं तीन पाणी घेऊन बसलेलं, १३६. आमच्या ऑपरेटरने अदलाबदल केली तेव्हा डायजेस्टर आजारी पडला असं समजून आम्ही आठवडाभर चुना टाकत होतो. डायजेस्टर ठणठणीत होता.

संत्राबर्फी | २१ मे, दुपारी १.२५

थांबा, बघून येते.

संत्राबर्फी | २१ मे, दुपारी १.४०

निर्जलच आहे. हुश्श. पण बाटलीचं झाकण नीट लागत नाहीये आणि आतला माल गोळा झालाय. हे पाणी शोषतं ना? नवीन मागवते.

डॉ_पोटोबा | २२ मे, सकाळी ६.४०

आहाराची नोंद घेताय ना? तीन दिवसांची तरी. ज्वारीची भाकरी खाणारा आणि रोज मैद्याचा पाव खाणारा यांची तुलना करताना ते कागदावर पाहिजे. प्रतिजैविकं घेतलेल्यांना वगळा, ती जिवाणूंची वस्तीच उठवतात.

संत्राबर्फी | २२ मे, सकाळी ९.३०

घेतेय सर. एका आजोबांनी लिहिलंय, "सकाळी: चहा. दुपारी: जेवण. रात्री: जेवण." दुसऱ्या एकांनी वडाभातात वडे किती, तेल किती, चिंचेचं सार कसं केलं, आख्खी पाककृती दिलीय. मधलं कुणी नाही.

संत्राबर्फी | ९ जून, रात्री १०.५०

बऱ्याच दिवसांनी येतेय. आज पहिला पाऊस पडला, लॅबची खिडकी उघडली, कूलर बंद केला.

आता नमुने आम्हीच आणायला जातो. सकाळी फोन आला की मी किंवा माझी ज्युनियर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन निघतो. मानेवाड्याच्या काकूंनी परवा पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, एका हातात डबा, एका हातात प्लेट. नमुना घेतल्यापासून गोठवेपर्यंतची वेळ डबीवर लिहिलेली असते, तासाच्या वर गेली की लाल खूण.

मळून, क्रोटोनिक घालून, ॲसिड न टाकता बारा नमुने केले. एकाच नमुन्याच्या दोन भागांतला फरक आता पाच टक्क्यांच्या आत आहे. मळलेल्या नमुन्यात माहीत असलेलं ब्युटिरेट घालून बघितलं, ९६ टक्के परत मिळालं. ब्लँक सपाट. गाइडनी कॉलमचं कोटेशन रद्द केलं, आणि डीआरसीसमोर (संशोधन समितीसमोर) "आम्ही हे शोधलं" म्हणाले. आम्ही म्हणजे कोण ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर, तुमचा खड्डा मात्र तिथेच आहे. प्रबंधाच्या नावात आधी "निर्मिती" असा शब्द होता, तो काढून "मळातील प्रमाण" असं करायला अर्ज दिलाय. त्या अर्जावर चार सह्या लागतात, दोन झाल्यात.

आता एकच मागणं. स्टूलचा अर्क चालवून चालवून प्रेशर चढायला लागलंय, गार्ड कॉलमचं काडतूस बदलायला झालंय आणि नवं यायला तीन आठवडे सांगतात. नागपुरात कुणाकडे एचपीएक्स-८७एचचं गार्ड काडतूस उसनं मिळेल का? आलं की परत करते.

जुना_क्रोमॅटोग्राफर | १० जून, सकाळी ७.५०

एक आहे माझ्याकडे, सीलबंद, जुन्या सहकाऱ्याने निवृत्तीच्या दिवशी गमतीने दिलेलं. बायको शोकेसमधून काढू देत नव्हती, तिला वाटतं ते काहीतरी पदक आहे. विपू करतो (निरोप टाकतो), येऊन घेऊन जा. वरचं खोकं तेवढं शोकेसला राहू द्या म्हणते.

तर्री_वाला | १० जून, सकाळी ८.०५

परत कायले करता ताई. वापरलेलं बी ठेवतील ते शोकेसमध्ये. फक्त धुऊन द्याजा.